आयर्न ४०० अंशांवर ठेवूनही ग्राउंडची पिन सोल्डर का धरत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वर्षभरापासून तुम्ही सोल्डरिंग आयर्नने, हाताने सर्किट बोर्ड जोडता आहात. रेझिस्टर, कपॅसिटर नीट बसतात. पण ग्राउंडला, म्हणजे सर्किटच्या समाईक शून्य व्होल्टला, जोडलेल्या पिनांवर सोल्डरचा नुसता गोळा बसतो, म्हणून तुम्ही आयर्न ३५० वरून ४०० अंशांवर नेलं आणि त्या भानगडीत एका कनेक्टरचं पॅड, म्हणजे पिन जिला जोडतात ती बोर्डावरची तांब्याची टिकली, उखडलं. बारीक पायांचा आयसी लावताना दरवेळी दोन-तीन पाय एकमेकांना चिकटतात. हे सरावाने सुधारेल की हत्यारं बदलावी लागतील, असं तुम्ही विचारलं आहे.

हात ठीक आहे. साधे टाके, म्हणजे सोल्डरचे जोड, ज्याला नीट जमतात त्याला हेही जमतं. तुमच्या तिन्ही अडचणी उष्णतेच्या आहेत. बिटातली, म्हणजे आयर्नच्या टोकातली, उष्णता पॅडपर्यंत पुरेशा वेगाने जात नाही, आणि ती जाईपर्यंत फ्लक्स, म्हणजे धातूवरचं ऑक्साइड काढणारं रसायन, जळून संपतो. एवढं एक सुधारलं की बाकीचं बरंचसं आपोआप सुटेल. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

आयर्नच्या स्टेशनवरचा, म्हणजे तापमान ठरवायच्या डब्यावरचा, आकडा बिटाचं तापमान सांगतो. पॅडला किती उष्णता मिळते आहे, हे तो सांगत नाही. टाकी उंचावर असली तरी नळी काडीइतकी बारीक असेल तर बादली भरायला वेळ लागणारच. टोकदार, सुईसारखं बिट ही ती बारीक नळी. त्याचं टोक पॅडला एका ठिपक्यावर टेकतं आणि सगळी उष्णता त्या ठिपक्यातून जायला बघते. दुसऱ्या बाजूला ग्राउंडची पिन बोर्डभर पसरलेल्या तांब्याच्या थराला जोडलेली असते. आलेली उष्णता तो थर लगेच आपल्यात पसरवून टाकतो.

आता हिशोब बघा. खोलीचं तापमान २५ अंश सेल्सिअस धरू. बिट ३५० वर असताना बिट आणि बोर्ड यांच्यातला फरक ३२५ अंशांचा असतो. ४०० वर नेलं की तो ३७५ होतो. म्हणजे पॅडकडे जाणारी उष्णता जेमतेम १५ टक्क्यांनी वाढली. तेवढ्यासाठी फ्लक्स जळायचा वेग वाढला, बिटावरचा लोखंडी मुलामा लवकर झिजायला लागला आणि पॅड धरून ठेवणारं राळेचं बंधन सैल झालं. याउलट सुईसारख्या बिटाऐवजी २.४ किंवा ३.२ मिलिमीटर रुंदीचं छिन्नीच्या आकाराचं बिट लावलं आणि त्याची चपटी बाजू पॅडला टेकवली, तर टेकणारी जागाच कितीतरी पटींनी वाढते. तापमान तेच ठेवूनही टाका दोन सेकंदांत बसतो.

म्हणून पहिला बदल हाच करा. स्टेशनसोबत आलेलं टोकदार बिट बाजूला ठेवा आणि २.४ चं छिन्नी बिट लावा. बारीक कामाला बारीक बिट हवं, ही समजूत फार पक्की रुजलेली आहे आणि नव्या माणसाचं सर्वांत जास्त नुकसान तीच करते. पॅडच्या रुंदीला साधारण बरोबरीचं बिट घ्यावं, हा माझा नेम. शेजारच्या प्लास्टिकला न लागता जेवढं मोठं बसेल तेवढं चांगलं.

बिट बदललं तरी ते काळं पडलेलं असेल तर उपयोग नाही. बिटाच्या गाभ्यात तांबं असतं, त्यावर लोखंडाचा पातळ मुलामा असतो आणि टोकाला कथिलाचा थर दिलेला असतो. तो थर जळून ऑक्साइड झालं की काळा पापुद्रा बनतो, आणि उष्णता अडवायला हा पापुद्रा पुरेसा आहे. सोल्डर बिटावरून घरंगळून पडायला लागलं की समजायचं, बिट मेलं आहे. अशा वेळी कानस किंवा पॉलिश पेपर लावू नका. जुन्या साध्या तांब्याच्या बिटांना कानस मारायची पद्धत होती, ती तिथे योग्यही होती. आजच्या बिटाचा लोखंडी मुलामा एकदा फाटला की सोल्डर आतलं तांबं खाऊन टाकतं आणि टोकाला खड्डा पडतो. ३०० अंशांच्या आसपास ठेवा, भरपूर फ्लक्स आणि ताजं सोल्डर लावा, पितळी घासणीत फिरवा, पुन्हा सोल्डर लावा. चार-पाच वेळा केलं की बहुतेक बिटं परत येतात.

सवयही थोडी बदला. बिट पुसायचं ते टाका मारायच्या आधी. टाका मारून झाल्यावर पुसून तसंच स्टँडवर ठेवायचं नाही. स्टँडवर जाताना त्यावर सोल्डरचा थर असू द्या. हवेने जळायचं तर तो थर जळेल, बिट वाचेल. काम संपवताना बंद करण्यापूर्वी टोकावर सोल्डरचा मोठा थेंब ठेवून मग बटण दाबा. ओला स्पंज वापरत असाल तर तो दमट हवा, पाणी गळणारा नको.

आता फ्लक्स. हे सगळ्यांत कमी लेखलं जाणारं साहित्य आहे. सोल्डर आणि तांबं यांचं नातं वितळण्याने जुळत नाही. तांबं १०८५ अंशांना वितळतं, आपण त्याच्या जवळपासही जात नाही. वितळलेल्या सोल्डरमधलं कथील तांब्याशी संयोग करून काही मायक्रॉन जाडीचा संयुगाचा थर तयार करतं. टाक्याची पकड त्या थराची असते. मात्र कथिलाला तांबं उघडं मिळालं पाहिजे, आणि हवेत राहिलेल्या तांब्यावर ऑक्साइड असतंच. फ्लक्स गरम झाला की ते ऑक्साइड विरघळवतो आणि टाका गरम असेपर्यंत नवं बनू देत नाही. सोल्डर वायरच्या पोटात असतो तो हाच; बहुधा राळेचा, म्हणजे रोझिनचा. वायर थेट पॅडवर वितळवली तर तो कामाला येतो. बिटावर सोल्डर घेऊन ते पॅडपर्यंत नेलं तर वाटेतच त्याचा धूर होतो आणि पॅडला कोरडं सोल्डर मिळतं. तुमच्या पिनांवर बसलेले गोळे बहुतेक असेच बनले असणार.

म्हणून वायरमधल्या फ्लक्सवर अवलंबून राहू नका. पेनातला किंवा सिरिंजमधला इलेक्ट्रॉनिक्सचा फ्लक्स जवळ ठेवा आणि सढळ हाताने वापरा. फक्त नळकामाचा अॅसिड फ्लक्स चुकूनही बोर्डाला लावू नका. त्यात झिंक क्लोराइडसारखे क्षार असतात. टाका त्या दिवशी सुंदर दिसतो, आणि मागे राहिलेले क्षार दमट हवेत हळूहळू ट्रॅक, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा, खात बसतात. डबीवर कशासाठी आहे ते नीट लिहिलेलं नसेल तर ती डबी टेबलावर ठेवू नये, या मताचा मी आहे.

सोल्डर कोणतं? नियमाने बंदी नसेल आणि काम स्वतःच्या वापराचं असेल तर शिकताना ६३/३७ घ्या: ६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं. हे मिश्रण १८३ अंशांवर एकदम वितळतं आणि एकदम गोठतं. ६०/४० त्याच्या जवळचंच आहे, पण ते गोठताना काही अंश लापशीसारखं राहतं. तेवढ्यात पाय हलला तर टाका आतून चिरतो. शिसेविरहित सोल्डरमध्ये ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी आणि ०.५ टक्का तांबं असलेलं मिश्रण सर्वांत जास्त चालतं. ते २१७ ते २२० अंशांच्या दरम्यान वितळतं. युरोपीय संघाचे निर्बंध १ जुलै २००६ पासून लागू झाले तेव्हापासून कारखान्यातून येणारे बहुतेक बोर्ड शिसेविरहित असतात. दुरुस्तीला आलेला बोर्ड तापायला जड का जातो, त्याचं एक कारण हेही आहे. वायर ०.६ ते ०.८ मिलिमीटरची ठेवा. जाड वायरने प्रमाणावर ताबा राहत नाही. शिसं असलेल्या सोल्डरला बिट ३२० ते ३५० वर, शिसेविरहितला ३५० ते ३८० वर. याच्या वर जायची गरज पडली तर बिट छोटं आहे किंवा बोर्ड आधी तापवायला हवा आहे, असं समजा.

आता एक साधा टाका भिंगाखाली धरून बघू. एवढं एकदा डोळ्यांत बसलं की पुढे कुणाला विचारावं लागत नाही.

बिटाची चपटी बाजू पॅड आणि पिन या दोघांना एकाच वेळी टेकलेली आहे. बिटावर आधीच सोल्डरचा अगदी छोटा थेंब घेतलेला आहे. हा थेंब टाक्यासाठी नव्हे. दोन कोरडे धातू एकमेकांना टोकाटोकावर टेकतात. मधे वितळलेला थेंब असला की उष्णता जायला सबंध रस्ता मिळतो. पॅड तापलं. आता वायर बिटाच्या समोरच्या बाजूने, पॅड आणि पिनेच्या कोपऱ्यात लावली. पहिल्यांदा राळ सुटते. पिवळसर, पारदर्शक, चकाकणारी, ती सोल्डरच्या पुढे धावत पॅडभर पसरते आणि धुराची बारीक रेघ उठते. तिच्यामागे सोल्डर येतं. क्षणभर ते फुगीर दिसतं, कडा आत वळलेली, अळवावरच्या थेंबासारखी. मग एकाएकी ती कडा सपाट होते. सोल्डर पॅडच्या काठापर्यंत पळतं, पिनेवर वर चढतं आणि त्याच वेळी मधला फुगवटा खाली बसतो, कारण ते भोकातून पलीकडच्या बाजूला उतरलेलं असतं. ते खाली बसताना दिसणं ही खरी खूण. त्यानंतर वायर काढायची, अर्धा सेकंद थांबायचं, मग बिट पिनेच्या दिशेने वर उचलायचं. गोठेपर्यंत फुंकर मारायची नाही आणि बोर्ड हलवायचा नाही. हे सगळं साधारण दोन सेकंदांत होतं. तीन सेकंद होऊनही कडा सपाट झाली नाही तर आयर्न उचला. तसंच धरून बसण्यात फायदा नाही. बोर्ड निवू द्या, फ्लक्स लावा, बिट पुसा आणि मग पुन्हा.

चांगल्या टाक्याचा आकार आतल्या बाजूला वळलेला, डोंगराच्या उतारासारखा असतो आणि त्यातून पिनेचा घाट ओळखू येतो. फुगीर गोळा म्हणजे एकतर सोल्डर जास्त झालं किंवा खाली धरलेलंच नाही, आणि बाहेरून यातलं नेमकं काय ते कळत नाही, म्हणून दोन्ही वाईट. चकाकी बघून ठरवू नका. शिसेविरहित टाका नीट असला तरी किंचित मंद, दाणेदार दिसतो. बघायची ती कडा: सोल्डर पॅडला आणि पिनेला निमुळतं होत भेटतं का, की त्यावर उशीसारखं बसून राहतं?

आता तुमच्या ग्राउंडच्या पिना. बोर्ड नीट आखलेला असेल तर ग्राउंडचं पॅड भोवतालच्या तांब्याला सलग जोडलेलं नसतं, चार बारीक पट्ट्यांनी जोडलेलं असतं. उष्णता लगेच पळू नये म्हणूनच ती योजना असते. जास्त करंटच्या बोर्डांवर आणि काही घाईने आखलेल्या बोर्डांवर ते सलग असतं, आणि चार थरांच्या बोर्डात आतले थरही उष्णता ओढतात. अशा ठिकाणी मोठं बिट लावूनही पुरत नसेल तर बोर्ड आधी तापवा. पुन्हा हिशोब करा. सोल्डर नीट धरायला पॅड साधारण २३० अंशांपर्यंत जायला हवं. २५ पासून तिथे पोहोचायचं तर आयर्नला २०५ अंश चढवावे लागतात. बोर्ड आधीच १२० वर असेल तर फक्त ११०. आयर्नवरचं ओझं जवळजवळ निम्म्यावर आलं, आणि तेही तापमान वाढवल्याशिवाय. प्रीहीटर असेल तर उत्तम. नसेल तर हॉट एअर गन कमी तापमानावर ठेवून बोर्डाच्या खालच्या बाजूने सावकाश, गोल फिरवत तापवा; एका जागी रोखून धरू नका. त्या भागात इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर किंवा प्लास्टिकचे कनेक्टर असतील तर त्यांना आडोसा करा. दोन आयर्न असतील तर एक वरून आणि एक खालून पिनेला लावण्याची युक्तीही चालते, फक्त बोर्ड पक्का धरलेला हवा.

सोल्डर वरून घातलं आणि वरूनच छान दिसलं, एवढ्यावर समाधान मानू नका. बोर्ड उलटा करा. दुसऱ्या बाजूलाही पिनेभोवती सोल्डरची कडी दिसली पाहिजे. भोक निदान तीन चतुर्थांश भरलेलं असावं, ही उद्योगातली सर्वसाधारण अपेक्षा आहे. ग्राउंडच्या पिनांवर हीच गोष्ट राहून जाते.

ती राहिली की काय होतं ते एकदा चांगलंच पाहिलं. एका यंत्राचा कंट्रोल बोर्ड माझ्याकडे आला. यंत्र सकाळी चालायचं आणि तासाभराने बंद पडायचं. थंड झालं की पुन्हा चालू. आधीच्या दुरुस्ती करणाऱ्याने दोन आयसी बदलले होते. मीटरने तपासलं तर सगळीकडे कंटिन्युइटी, म्हणजे जोड अखंड असणं, बरोबर. मीही अर्धा दिवस वीजपुरवठ्याच्या भागातच शोधत राहिलो. मग दिवा तिरपा धरून भिंगातून मोठ्या कनेक्टरच्या पिना एकेक करून बघितल्या. ग्राउंडच्या एका पिनेभोवती केसासारखी बारीक काळी रेघ होती, बांगडीसारखी पूर्ण गोल. ड्राय सोल्डर, म्हणजे पिनेला नीट न धरलेला टाका. बोर्ड तापला की पिन किंचित हलायची आणि फट उघडायची. मीटरचा प्रोब दाबला की तीच फट मिटायची, म्हणून मीटर दरवेळी ठीक सांगायचा. तेव्हापासून संशयित पिनेवर प्रोब दाबायचा नाही असं ठरवून टाकलं आहे. ट्रॅकवर पुढे कुठेतरी प्रोब लावा आणि मग पिनेला प्लास्टिकच्या काडीने हळूच हलवा. असा टाका पुन्हा नुसता वितळवून ठेवणं हा उपाय नव्हे; कोणीतरी आधी तेच केलेलं होतं. जुनं सोल्डर पूर्ण ओढून घ्या, पिन काळी पडली असेल तर ब्लेडने खरवडून लख्ख करा, फ्लक्स लावा आणि नवं सोल्डर भरा.

जुना साठा वापरत असाल तर खरवडण्याचं हे काम नव्या बोर्डावरही करावं लागतं. बरीच वर्षं पडून राहिलेल्या रेझिस्टरचे पाय काळपट झालेले असतात. ते कितीही तापवले तरी सोल्डर धरत नाहीत, आणि दोष आयर्नला दिला जातो.

पायांची छाटणी करताना कटर टाक्याच्या वर ठेवा, टाक्यातून कापू नका. कापलाच गेला तर फ्लक्स लावून तो टाका पुन्हा वितळवा, कारण कटरचा झटका आत चीर पाडू शकतो.

एसएमडीकडे, म्हणजे भोकात न घालता बोर्डाच्या पृष्ठभागावरच बसवायच्या भागांकडे येऊ. दोन टोकांचे रेझिस्टर-कपॅसिटर सोपे आहेत. ०८०५ म्हणजे २ बाय १.२५ मिलिमीटर, ०६०३ म्हणजे १.६ बाय ०.८, इथपर्यंत साध्या डोळ्यांनी आणि चांगल्या चिमट्याने निभतं. एका पॅडवर थोडं सोल्डर घ्या. चिमट्यात तुकडा धरा, ते सोल्डर वितळवा, बाजूने तुकडा आत सरकवा, बोर्डाला टेकवा, आयर्न काढा, आणि गोठल्यावरच चिमटा सोडा. मग दुसरं टोक वायर लावून नीट भरा. त्यानंतर पहिल्या टोकाकडे परत या, फ्लक्स लावून ते ताजं करा. ही शेवटची पायरी बहुतेक जण सोडतात. पहिल्या टोकाचा फ्लक्स केव्हाच जळलेला असतो, तो टाका अर्धवट असण्याची शक्यता मोठी.

सिरॅमिक कपॅसिटरच्या अंगाला बिट लावू नका. पॅडला लावा, सोल्डर तिथून चढू द्या. एकदम बसलेल्या उष्णतेच्या धक्क्याने त्याला आतून तडा जातो, बाहेरून काही दिसत नाही, आणि काही दिवसांनी तो शॉर्ट होऊन बसतो. कारण शोधायला गेलं तर सापडत नाही.

आता बारीक पायांचा आयसी. पायांचं अंतर ०.५ मिलिमीटर असलं की एकेका पायावर वायर लावणं सोडून द्या, तिथूनच शॉर्ट होतात. सगळी रांग एकदम ओढायची. पॅडवर फ्लक्स लावा, आयसी ठेवा, एक नंबरच्या पायाची खूण पुन्हा एकदा तपासा, भिंगातून चारही बाजू पॅडवर बरोबर बसल्यात का बघा. एका कोपऱ्यातला एक पाय टाका मारून धरा. परत बघा, तिरका असेल तर याच घडीला सरळ होतो, नंतर नाही. मग समोरचा कर्णातला कोपरा धरा. आता पायांच्या पूर्ण रांगेवर फ्लक्सची जाड रेघ ओढा. तिरप्या कापलेल्या तोंडाचं किंवा चपटं बिट घ्या, त्यावर सोल्डरचा छोटा थेंब ठेवा आणि पायांच्या बाहेरच्या टोकांवरून सावकाश ओढत न्या. पायांच्या मधल्या जागेवरचा सोल्डर मास्क, म्हणजे बोर्डावरचा रंगीत लेप, सोल्डर धरत नाही आणि पाय धरतात. त्यामुळे फ्लक्स जिवंत असेपर्यंत थेंब प्रत्येक पायाला त्याचा वाटा देत पुढे जातो. हाताने काही नेमकं करावं लागत नाही. हा प्रकार पहिल्यांदा जमतो तेव्हा माणूस खरोखर हरखतो, मीही हरखलो होतो.

शॉर्ट होतो तो बहुधा रांगेच्या शेवटी, कारण उरलेलं सोल्डर तिथे जमतं. त्याने घाबरू नका. तुमच्याकडून तो सुटत नाही, कारण फ्लक्स संपलेल्या जागी तुम्ही बिट पुन्हा पुन्हा फिरवता आहात. फ्लक्स नसला की सोल्डरवर ऑक्साइडची साय धरते आणि ते चिकट, ओढलं तर शेपटी काढणारं होतं. ताजा फ्लक्स लावा, बिट पितळी घासणीत स्वच्छ पुसा, रिकामं बिट त्या दोन पायांमध्ये टेकवा आणि पायांच्या दिशेने बाहेर ओढा. जास्तीचं सोल्डर बिटाबरोबर निघून येतं. एवढ्यानेही निघालं नाही तर डिसोल्डरिंग विक, म्हणजे तांब्याच्या तारांची विणलेली चपटी वात, तिच्यावर फ्लक्स लावून ठेवा आणि वरून बिट दाबा. वात गोठायच्या आत बिटासकट उचला. गोठलेली वात ओढली की पॅड सोबत येतं.

ज्या चिपच्या पोटाखाली उष्णतेसाठी मोठं पॅड असतं तिला आयर्न पुरत नाही, तिथे सोल्डर पेस्ट आणि हॉट एअरच लागते. तो वेगळा विषय आहे.

भाग काढण्याबद्दल. पॅड उखडतात ती बहुधा जोडताना नव्हे, काढताना. साध्या काचतंतूच्या बोर्डातली राळ १३० ते १४० अंशांच्या पुढे मऊ पडायला लागते, म्हणजे सोल्डर वितळतं तेव्हा पॅडची पकड आधीच कमी झालेली असते. त्या अवस्थेत पॅड उष्णता बरीच सहन करतं, पण ओढाताण सहन करत नाही. कनेक्टर अर्धवट सुटलेला असताना हाताने हलवला की पॅड गेलंच. म्हणून काढायच्या टाक्यावर आधी नवं सोल्डर घाला. विचित्र वाटेल, पण ताज्या सोल्डरने जुनं मोकळं होतं, उष्णता पसरते, आणि शिसेविरहित टाक्यात ६३/३७ मिसळलं की त्याचा वितळणबिंदूही खाली येतो. त्यानंतर सोल्डर ओढायच्या पंपाने ओढा किंवा वात लावा. फार पिना असतील आणि कनेक्टर वाचवायचा नसेल तर त्याचं प्लास्टिक कापून एकेक पिन वेगळी काढा. पॅडची किंमत कनेक्टरपेक्षा जास्त असते. भाग काढायला बिस्मथचं कमी तापमानाला वितळणारं मिश्रणही मिळतं, ते छान काम करतं. फक्त नंतर पॅडवरून त्याचा कण न् कण वातीने टिपून घ्या. बिस्मथ, शिसं आणि कथील एकत्र राहिलं तर ९६ अंशांच्या आसपास वितळणारं मिश्रण तयार होऊ शकतं, आणि तापणाऱ्या बोर्डात असा टाका नको.

धुराबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. तो धूर शिशाचा नसतो; या तापमानाला शिशाची वाफ होत नाही. तो राळेचा असतो, आणि राळेच्या धुराने दमा जडू शकतो, हे कामगारांच्या आरोग्यात नीट नोंदलेलं आहे. पंखा तोंडावरचा धूर ओढून नेईल असा ठेवा. टाक्यावर वारा सोडणारा नको, त्याने टाका थंड पडतो. शिसं पोटात जातं ते हातांवरून. काम संपलं की साबणाने हात धुवा, आणि टेबलावर खाणंपिणं ठेवू नका.

राहिलं तुमचं उखडलेलं पॅड. बोर्ड फेकू नका. उखडलेला तुकडा सैल लोंबत असेल तर ब्लेडने कापून टाका, ओढू नका, नाहीतर पुढचा ट्रॅकही सोलला जाईल. त्या पॅडकडे येणारा ट्रॅक शोधा, त्यावरचा सोल्डर मास्क तीन-चार मिलिमीटर खरवडून तांबं लख्ख करा, फ्लक्स लावून पातळ सोल्डर चढवा. ०.२५ मिलिमीटरची एकेरी तार घ्या, तिलाही आधी सोल्डर लावा, कनेक्टरच्या पिनेभोवती एक वेढा द्या आणि दुसरं टोक त्या खरवडलेल्या ट्रॅकवर आडवं झोपवून टाका मारा. वाहणारा करंट जास्त असेल तर तार जाड घ्या किंवा दोन तारा समांतर टाका. मग कनेक्टरच्या शेजारच्या पिना बोर्डाला नीट धरून आहेत ना ते बघा, कारण आता ताण त्यांच्यावर आहे, आणि तार एपॉक्सीच्या एका थेंबाने बोर्डाला चिकटवून टाका. शेवटी मीटरचा एक प्रोब ट्रॅकच्या पलीकडच्या टोकाला आणि दुसरा कनेक्टरच्या समोरच्या तोंडात लावा, आणि कनेक्टर बोटाने हलकेच हलवत असताना आवाज तुटत नाही ना ते ऐका.